कारण सापडल्याशिवाय ॲलर्जी हटत नाही

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात रेल्वे कामगार संघटनेच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात आपण नेहमी पगार, भत्ते, बढती, पेन्शन आणि कंत्राटीकरण यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. परंतु आज आम्हाला दिलेला विषय वरवर पाहता डॉक्टरांचा आहे. अंगाला खाज सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, शिंका, दमा यांना आपण सरसकट ‘ॲलर्जी’ म्हणतो. ती नेमकी कशाची हे कसे ओळखायचे आणि ओळखल्याने काय फरक पडतो, हा आजचा विषय. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आहोत, डॉक्टर नाही. तरीही हा विषय युनियनचा आहे असे आमचे ठाम मत आहे. रोगाचे कारण कामाच्या जागी असेल, तर ते शोधायला डॉक्टर आणि कामगार दोघेही लागतात. डॉक्टर दवाखान्यात बसतो. कामगार दिवसभर काय हाताळतो, कोणत्या धुळीत उभा राहतो, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

प्रथम ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणला. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षण व्यवस्था असते. फलाटावरच्या पहारेकऱ्याने तिकीट काढून आलेल्या साध्या प्रवाशाला चोर समजावे, शिट्टी फुंकून सगळी फौज बोलवावी आणि त्या धांदलीत फलाटाचेच नुकसान व्हावे, तसा हा प्रकार आहे. ज्या पदार्थाला शरीर असे चोर समजते त्याला ‘ॲलर्जन’ म्हणतात. तो परागकण असेल, धूळ असेल, एखादे रसायन असेल, अन्न किंवा औषधही असेल. शेजारच्या माणसाला त्याच पदार्थाने काहीही होत नाही. म्हणूनच ॲलर्जीच्या माणसावर कोणी चटकन विश्वास ठेवत नाही. “बाकीच्या वीस जणांना काही होत नाही, मग तुलाच कसे होते?” हा प्रश्न साहेबांकडून तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल.

ॲलर्जी मुख्यतः दोन तऱ्हांची असते, आणि इथे घोटाळा झाला तर पुढचे सगळे चुकते.

पहिली तऱ्हा मिनिटांत उठणारी. रक्तातील आयजीई नावाच्या प्रथिनामुळे ती होते. हे प्रथिन १९६६-६७ मध्ये सापडले. अमेरिकेत काम करणारे इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिच यांनी ते वेगवेगळे शोधून काढले. शिंका, नाक वाहणे, गांधी उठणे आणि ॲलर्जीचा दमा बहुधा या तऱ्हेत येतात. त्याची तपासणी म्हणजे प्रिक टेस्ट. हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने त्वचेला किंचित टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत कोणत्या थेंबाखाली गांधी उठते ते पाहतात.

दुसरी तऱ्हा उशिरा उठणारी. रक्तातील पेशी ती घडवून आणतात. पदार्थ आज लागतो आणि त्वचा उद्या किंवा परवा पेटते. सिमेंट, निकेल, रबर आणि काही वनस्पती यांपासून होणारा इसब या प्रकारचा. इथे प्रिक टेस्ट कामाची नाही. इथे पॅच टेस्ट करावी लागते. ती १८९५ मध्ये योसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने प्रथम मांडली. पाठीवर निरनिराळे पदार्थ लावलेल्या छोट्या चकत्या चिकटपट्टीने बसवतात. अठ्ठेचाळीस तासांनी त्या काढतात आणि त्वचा पाहतात. नंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण काही पदार्थांची खूण उशिरा उमटते. आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी यासाठी भारतीय पदार्थांचा एक ठराविक संचही केलेला आहे. दुसऱ्यांदा पाहायला न जाणारा रुग्ण अर्धीच टेस्ट करून घरी येतो, हे लक्षात ठेवा.

आता अशी ओळख पटवण्याला एवढे महत्त्व का? एक जुने उदाहरण घ्या. धुळीने दमा होतो हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होते. परंतु ‘धूळ टाळा’ म्हणजे काय करा? धुळीत राख असते, धागे असतात, माती असते. १९६४ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे व्होरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिले की घरातील धुळीचा खरा गुन्हेगार डोळ्यांना न दिसणारा एक किडा आहे. इंग्रजीत त्याला माइट म्हणतात. तो गाद्या, उशा आणि गोधड्यांत राहतो आणि माणसाच्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. पुढे १९८० च्या सुमारास त्या किड्याच्या विष्ठेतील नेमके प्रथिनही वेगळे काढण्यात आले. मग सल्ला बदलला. नुसते झाडून भागत नाही. उशी-गादीला घट्ट विणीची खोळ घाला, चादरी कडकडीत गरम पाण्यात धुवा, ओल हटवा. तपासणीचे अर्कही सुधारले. पूर्वी कोणाच्या तरी घरची धूळ गोळा करून तिचा अर्क काढत, आणि दोन बाटल्यांचा गुण सारखा नसे. किडा आणि त्याचे प्रथिन कळल्यावर अर्काची ताकद मोजता येऊ लागली. रोगाचे कारण जितके नेमके कळते तितकी तपासणी भरवशाची होते आणि इलाजही अंदाजाने करावा लागत नाही.

आता आपल्या रुळांकडे येऊ. गाजर गवत आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. शास्त्रीय नाव पार्थेनियम. मूळचे ते अमेरिका खंडातले. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आपल्याकडे आले असे मानले जाते. १९५० च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि पुढे रस्ते आणि रेल्वेमार्ग धरून ते देशभर पसरले. आज कन्याकुमारीपासून जम्मूपर्यंत क्वचितच एखादे यार्ड असेल जिथे ते नाही. एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून हा प्रश्न महाराष्ट्रातल्या साथींचा जसा आहे, तसाच भोपाळ, हुबळी, सिकंदराबाद आणि दिल्लीकडे नोकरी करणाऱ्या मराठी साथींचाही आहे.

या गवतामुळे त्वचेचा रोग होतो, हे पुण्याच्याच डॉक्टरांनी साठ आणि सत्तरच्या दशकांत रुग्ण तपासून जगापुढे मांडले. त्यातील मुख्य ॲलर्जन म्हणजे पार्थेनिन हे रसायन. झाडावरचे बारीक केस आणि वाळलेला चुरा वाऱ्याबरोबर उडतो, त्यातून ते अंगावर येते. म्हणजे गवताला हात लावलाच पाहिजे असे नाही. पापण्या, चेहरा, मान, कोपराची खोबण, जिथे घाम साचतो आणि कपडा नसतो, तिथे रोग प्रथम दिसतो. पुढे काही जणांना उन्हाचीही ॲलर्जी जडते आणि चेहऱ्याची कातडी जाड व काळवंडलेली होते. उघड्यावर काम करणारे मध्यम वयाचे पुरुष यात जास्त सापडतात. ट्रॅकमन, कीमन, पॉइंट्समन हे सगळे त्यात आले. सायकलवरून खेड्यापाड्यांत टपाल पोचवणारा आपला डाकसेवकही त्यात आला. शेवंती आणि सूर्यफूल त्याच कुळातली असल्यामुळे काही रुग्णांना ती फुलेही सोसत नाहीत. देवाला हार घातला आणि खाज वाढली, असे कोणी म्हटले तर हसू नका. ती डॉक्टरला देण्याची माहिती आहे.

हेच गवत दुसराही रोग करते. त्याचे परागकण नाकात गेले की काहींना शिंका आणि सर्दी होते. ती पहिल्या तऱ्हेची, आयजीईची ॲलर्जी. बेंगळूरच्या संशोधकांनी हे दाखवून दिले आहे. म्हणजे झाड एक, रोग दोन आणि तपासण्याही दोन. इसबाच्या रुग्णाची प्रिक टेस्ट केली आणि ‘काही नाही’ असा शेरा मारला, तर तो शेरा रोगाविषयी काहीच सांगत नाही.

आमच्या एका शाखेतील ट्रॅकमनची हकिगत सांगतो. नाव आणि विभाग सांगत नाही, कारण माणूस अजून नोकरीत आहे. पाच वर्षे त्याच्या मानेला आणि पापण्यांना इसब होता. पावसाळा आला की वाढायचा, सुट्टीवर गावी गेला की थोडा उतरायचा. दवाखान्यात दर वेळी एक मलम आणि कधी एक इंजेक्शन मिळायचे. सिक, फिट, पुन्हा सिक. रजा संपली, पगार कापला गेला, आणि गँगमध्ये ‘बहाणेबाज’ हे नाव पडले. कोणी सांगितले सिमेंटचे स्लीपर बाधतात, कोणी म्हणाले ग्रीस, कोणी म्हणाले रक्त बिघडले. त्याने वांगी सोडली, मासे सोडले, दही सोडले. शेवटी एका मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात पॅच टेस्ट झाली. गाजर गवताच्या चकतीखाली लाल फोड आले. बाकी सगळ्या चकत्यांखाली त्वचा स्वच्छ होती. पाच वर्षांचा प्रश्न चार दिवसांत सुटला. त्या माणसाला वांगी, मासे, दही परत मिळाले हेही थोडके नव्हे.

पण साथींनो, खरा पेच पुढेच होता. रिपोर्ट हातात आल्यावर तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, हा कागद दाखवू की फाडून टाकू?” त्याला भीती होती की कागद दाखवला तर आपल्याला मेडिकल अनफिट ठरवतील, हलक्या जागेवर टाकतील. ही भीती खोटी नाही. कारण शोधण्याचे हत्यार दोन्हीकडे चालते. त्याने कामाची जागा सुधारता येते, आणि त्याच हत्याराने कामगारालाही बाजूला काढता येते. कंत्राटदाराकडचा मजूर असेल तर त्याला एका शब्दाने घरी बसवतात. त्याला ना रेल्वेचे इस्पितळ, ना सिक मेमो. म्हणून युनियनचे म्हणणे स्पष्ट असले पाहिजे. तपासणी झाली पाहिजे, आणि तपासणीचा निकाल कामाला लागू झाला पाहिजे. माणूस बदलण्याआधी काम बदला.

त्या प्रकरणात आम्ही कागद फाडू दिला नाही. आम्ही विषय पीएनएमच्या बैठकीत नेला. मागण्या तीन होत्या. फुलोरा येण्याआधी यार्डातील गवत काढावे, ते काम त्या माणसाला देऊ नये, आणि गवताच्या हंगामात त्याला पगार व ग्रेड न घटवता दुसरे काम द्यावे. दोन बैठका वादात गेल्या. तिसऱ्या बैठकीत तोंडी नव्हे, लेखी मान्यता मिळाली. आज त्याची खाज पूर्ण गेली आहे असे आम्ही म्हणणार नाही. गवत सगळीकडे आहे. परंतु तो नियमित कामावर आहे आणि त्याला कोणी बहाणेबाज म्हणत नाही.

ॲलर्जन ओळखल्याने एका माणसाचाच नव्हे, संपूर्ण समाजाचा फायदा कसा होतो याची दोन उदाहरणे देतो. पहिले स्पेनमधील बार्सिलोना बंदराचे. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात २६ वेळा दम्याची साथ उठली. एकाच दिवशी इस्पितळात धाप लागलेल्या माणसांची रांग लागायची आणि नंतर सारे शांत. संशोधकांनी साथीचे दिवस आणि बंदरातील बोटींचा माल यांचा ताळा घातला. १९८५ आणि १९८६ मधला साथीचा प्रत्येक दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचा दिवस निघाला. रुग्णांच्या रक्तातही सोयाबीनविरुद्धचे आयजीई सापडले. एका गोदामाच्या कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती आणि सोयाबीनच्या टरफलांची धूळ वाऱ्याने शहरावर जात होती. गाळण्या बसवल्या आणि साथी थांबल्या. साथींनो, ही गुत्थी नुसत्या औषधाने सुटली नसती. ती बंदराच्या माल उतरवण्याच्या नोंदवहीने सुटली. नोंदवही काय असते हे गुड्स शेडमधल्या आणि आरएमएसमधल्या माणसांना आम्ही सांगायला नको.

दुसरे उदाहरण सिमेंटचे. गवंडीकाम करणाऱ्यांच्या हातांना होणाऱ्या ॲलर्जीच्या इसबाचे मोठे कारण सिमेंटमधील क्रोमियमचे विद्राव्य क्षार हे आहे. हे कळल्यावर डेन्मार्कमध्ये १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळू लागले. त्यामुळे तो क्षार निरुपद्रवी रूपात जातो. पुढे युरोपीय समुदायाने २००५ पासून दशलक्षात २ भाग अशी कमाल मर्यादा घातली. डेन्मार्कमधील बांधकाम कामगारांत क्रोमियमची ॲलर्जी कमी झाली. एकाही कामगाराला नोकरीवरून न काढता रोग कमी झाला. कारणच काढून टाकले म्हणून हे झाले.

टपालातील साथींनी हे फक्त लाइनवरच्या माणसांचे दुखणे समजू नये. जुन्या रेकॉर्डच्या खोलीतील धूळ आणि बुरशी, थैल्या झटकताना उडणारी धूळ, नोटा आणि पाकिटे मोजताना बोटात घालायची रबरी टोपी, या सगळ्यांचा विचार करा. रबर तयार करताना घालतात त्या रसायनांची ॲलर्जी अनेकांना असते. बोटाच्या टोकालाच इसब असेल तर प्रथम त्या टोपीकडे पाहा. आणि हातमोजे मागताना रबराचेच मागू नका. ज्याला रबरच बाधते त्याला रबरी मोजा देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

आता इलाजाविषयी थोडे. दोन्ही तऱ्हांत पहिला इलाज तोच, कारणापासून दूर राहणे. धुळीतील किडा किंवा परागकण यांच्या ॲलर्जीत ठरलेल्या ॲलर्जनची लस थोड्या थोड्या वाढत्या मात्रेत देतात. ही पद्धत लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये मांडली. हा इलाज तीन ते पाच वर्षे चालतो, आणि ॲलर्जन नेमके ठरलेले नसेल तर तो पैशाचा चुराडा आहे. ही लस तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावी. कधी कधी तिच्यानेच जोराची ॲलर्जी उठते, म्हणून सुईनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायचे. गाजर गवताच्या इसबात मलमे असतात, आणि जुनाट रोगात एझाथायोप्रिनसारखी औषधे. ती दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी या रोगावर वापरली आणि गुण आला. पण त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते. स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने मनाने घेत राहिलात तर खाज दबते. मागे साखर, रक्तदाब आणि हाडांचा ठिसूळपणा लागतो.

एक इशारा. शहराशहरांत एका रक्ताच्या नमुन्यात शंभर-दोनशे पदार्थांची ‘ॲलर्जी’ सांगणारी पाकिटे विकली जातात. त्यातील आयजीजी नावाच्या प्रथिनावर आधारलेल्या अन्नाच्या तपासण्या ॲलर्जी सिद्ध करत नाहीत. आणि खरी आयजीई तपासणी पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्याने रोग ठरत नाही. त्या पदार्थाने तुम्हाला प्रत्यक्षात त्रास होतो का, हे तुमच्या हकिगतीवरून पाहावे लागते. हकिगत आणि तपासणी या दोन रुळांवरच ही गाडी चालते.

म्हणून प्रत्येक शाखेने काही कामे हाती घ्यावीत अशी आमची विनंती आहे.

एक, वहीत नोंद ठेवा. कोणाला, अंगाच्या कोणत्या भागावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या कामानंतर त्रास झाला, सुट्टीत उतरला की नाही. सुट्टीत उतरतो आणि कामावर वाढतो ही कामाच्या जागेकडे बोट दाखवणारी मोठी खूण आहे.

दोन, ज्या मालाने त्रास होतो त्याच्या डब्यावरचे किंवा पिंपावरचे नाव उतरवून घ्या आणि डॉक्टरला दाखवा.

तीन, जिथे पॅच टेस्टची सोय नाही तिथून मेडिकल कॉलेजकडे रेफर करण्याची आणि ते दिवस हजेरीत धरण्याची मागणी करा. चार दिवसांच्या टेस्टसाठी गड्याची चार दिवसांची रजा जाता कामा नये.

चार, तपासणीला जाताना घेत असलेली सगळी औषधे सांगा. सर्दी-खाजेच्या गोळ्या प्रिक टेस्ट दाबतात, स्टिरॉइडच्या गोळ्या पॅच टेस्ट दाबतात. पण मनाने काहीही बंद करू नका. कधी बंद करायचे ते डॉक्टर सांगतील.

पाच, गवत फुलण्याआधी काढण्याचा कार्यक्रम प्रशासनाकडून लेखी घ्या. उघड्या हातांनी कोणी ते उपटू नये, कंत्राटदाराच्या मजुरानेही नाही. तोही कामगारच आहे.

सहा, प्रत्येक निदान कागदावर आणा. कामावरील पदार्थांमुळे होणारे त्वचेचे रोग कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत आहेत. परंतु ‘ॲलर्जी’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर भरपाईचा दावा उभा राहत नाही. कशाची ॲलर्जी आणि ते कामावर कुठे आहे, हे दोन्ही लिहिलेले लागते.

साथींनो, आपल्या आधीच्या पिढीने आठ तासांचा दिवस मिळवला तो नुसत्या घोषणांनी नाही. त्यांनी कामाचे तास मोजले, लिहून ठेवले आणि मग मागितले. इथेही तेच करायचे आहे. शाखेत परत गेलात की पहिल्या बैठकीत ही वही उघडा आणि पहिल्या पानावर आपल्या यार्डाचे, आपल्या पोस्टाचे नाव घाला. दुसरे पान रिकामे राहणार नाही याची आम्हाला खात्री आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो.